मुरबाडातले आल्प्स

दगडांवर बाग फुलवण्याची कला साहेबाने शोधून काढली, असे पुस्तकांतून लिहिलेले असते. मला ते पटत नाही. दिवाळीची सुट्टी लागली, की आमच्या चाळीच्या अंगणात किल्ल्याचे काम निघे. विटांचे तुकडे, कुणाच्या तरी बांधकामावरून पळवलेले दगड, त्यांवर भिजवलेले गोणपाट आणि गोणपाटावर चिखल, असा तो किल्ला. बुरूज उभे राहिले, दरवाजा बसला, डब्याच्या झाकणात तळे भरले, की शेवटचे काम मुलींकडे असे. त्या हळीव नाहीतर मोहरी आणून उतारावर पेरीत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी चिखलातून हिरवी लव वर येई, आणि आदल्या दिवशीपर्यंत नुसता मातीचा ढीग दिसणाऱ्या त्या वस्तूचा एकदम डोंगर होऊन जाई. भाऊबिजेनंतर ती लव पिवळी पडे, किल्ला कुणाच्या तरी लाथेने ढासळे, आणि आमचे बागकाम पुढच्या दिवाळीपर्यंत संपे.

पुढे मी मराठीचा प्राध्यापक झालो. मराठीच्या प्राध्यापकाचे फुलांशी असलेले नाते मोठे चमत्कारिक असते. बकुळ, प्राजक्त, केवडा, सोनचाफा यांवर तो तासन् तास बोलू शकतो. पण त्याला वर्गाबाहेर नेऊन बकुळीच्या झाडाखाली उभे करा, तो बहुधा 'बकुळ कुठे आहे?' म्हणून तुम्हालाच विचारील. मी याला अपवाद नव्हतो. डोंबिवलीला तिसऱ्या मजल्यावर आमचे बिऱ्हाड. गॅलरीत सौ.ची तुळस, एक गवती चहा आणि कुंडीतली कोथिंबीर, एवढीच आमची वनसंपदा. तिच्याकडेही मी चहाच्या वेळेखेरीज कधी पाहिले नव्हते.

तीन वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने जुनी पुस्तके विकायला काढली. समीक्षेचे ग्रंथ माझ्याआधी कुणीतरी नेले होते, म्हणून मी रित्या हाताने कसे परतायचे या विचाराने एक जाडजूड इंग्रजी चित्रमय पुस्तक उचलले. ते होते दगडांच्या बागांवरचे. त्या रात्री उत्तरपत्रिका तपासून डोके उठले तेव्हा सहज ते उघडले, आणि पहाटेचे 2 कधी वाजले ते कळले नाही.

उंच पर्वतावर एका ठरावीक उंचीनंतर झाडे वाढायची थांबतात. त्या रेषेच्या वर, बर्फाच्या खाली, दगडांच्या फटींत ज्या वनस्पती राहतात त्यांना 'अल्पाइन' म्हणतात. हा शब्द आपल्या 'अल्प' वरूनच आला असावा अशी माझी आरंभी समजूत झाली आणि मी फार खूश झालो, कारण या वनस्पती असतातही अल्पच. वीतभर उंची, कुणाची तर बोटभर. तो शब्द आल्प्स पर्वतावरून आला आहे हे चार पानांनी कळले. पण खुशी ओसरली नाही. वर मुठीएवढा हिरवा गोळा, आणि खाली त्याची मुळे हात-दीड हात फटीत उतरलेली. काही झाडे अंग आवळून उशीसारखी गोल बसतात. बाहेर वारा बोचत असला तरी त्या उशीच्या आत ऊब असते. वर्षातले जेमतेम तीन-चार महिने मोकळे मिळतात, तेवढ्यात पाने, फुले, बिया सगळा संसार उरकून घ्यायचा. आणि मग निळी, जांभळी, गुलाबी अशी फुले, की पानेच दिसू नयेत!

मग मी त्या विषयाच्या मागेच लागलो. पुस्तके संगणकावर वाचायची सोय झाल्यामुळे माझ्यासारख्याचे फावते. रेजिनाल्ड फॅरर नावाच्या यॉर्कशायरच्या एका लहरी माणसाने 'द इंग्लिश रॉक गार्डन' नावाचा दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. तो 1919 साली प्रसिद्ध झाला. हा गृहस्थ रोपे गोळा करीत आल्प्समध्ये हिंडला, चीनमध्ये हिंडला, आणि 1920 साली ब्रह्मदेशाच्या डोंगरांत, रोपांच्याच शोधात असताना, चाळिसाव्या वर्षी वारला. आपल्या घराजवळच्या कड्यावर हात पोहोचेना, तेव्हा त्याने बंदुकीत बिया भरून त्या कड्यावर झाडल्या अशी एक गोष्ट सांगतात. खरीखोटी देव जाणे, पण माणूस मला आवडला. माझे वय त्याच्याहून चार वर्षांनी अधिक होते आणि मी अजून एक बी पेरलेले नव्हते!

म्हणून मी आधी दगड जमवले. आमच्या गल्लीतली एक जुनी इमारत पाडत होते, तिच्या पायातले काळे दगड मुकादमाला चहा पाजून मिळवले. ते तिसऱ्या मजल्यावर चढवताना लिफ्ट बंद होती, हे वेगळे सांगायला नको. शेजारच्या काकांनी विचारले, "काय करताय?" मी म्हटले, "रॉक गार्डन." त्यांनी चंदीगडची यात्रा केलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ते फुटक्या कपबश्या आणि काचेच्या बांगड्यांचे एक गाठोडे घेऊन दारात उभे! चंदीगडचे ते उद्यान नेकचंद यांनी टाकाऊ वस्तूंतून उभे केले आणि 1976 साली ते लोकांना खुले झाले. ती मोठीच करामत आहे, पण तिथला थाट मूर्तींचा आणि भिंतींचा, रोपांचा नव्हे. हे काकांना समजावून देण्यात माझा अर्धा तास गेला आणि ते गाठोडे तरीही आमच्याकडेच राहिले.

हिमालयातल्या एका रोपवाटिकेतून एका माजी विद्यार्थ्याने मला प्रिम्युलाच्या बिया आणून दिल्या. अशा बिया थंडीत पडून राहिल्याशिवाय जाग्या होत नाहीत, म्हणून ओल्या कागदात गुंडाळून मी त्या सहा आठवडे फ्रिजमध्ये, दह्याच्या भांड्याशेजारी ठेवल्या. "माझी कोथिंबीर बाहेर कोमेजते आहे आणि तुमच्या बियांना मात्र महाबळेश्वर," असे सौ. म्हणाली. पण बिया उगवल्या! माघातल्या थंडीत दगडांच्या आडोशाला नखाएवढी अकरा रोपे उभी राहिली. चैत्र लागला तशी ती मान टाकू लागली. मी रोज रात्री बर्फाच्या ट्रेमधले खडे त्यांच्या मुळाशी ठेवू लागलो. आता लिहिताना हसू येते, पण तेव्हा मी रात्री दोनदा उठत असे. घरात कुणी तापाने फणफणलेले असले तरी मी इतक्या तत्परतेने उठत नाही, हे सौ.ने बोलून दाखवले. दहा दिवसांत अकरापैकी एकही रोप राहिले नाही.

आमचे वनस्पतिशास्त्राचे सहकारी मितभाषी आहेत. सगळी हकिगत त्यांनी चहाचा घोट न घेता ऐकली. मग म्हणाले, "सर, ही झाडे थंडीवाचून मरत नाहीत, ओलीने मरतात. बर्फाखाली ती कोरडी असतात. झोपलेल्या झाडाच्या मुळाशी पाणी साचले, की ते कुजले. इंग्लंडात थंडीला तोटा नाही, तरीही तिथले लोक या झाडांवर हिवाळ्यात काच धरतात, ती पावसाचे पाणी लागू नये म्हणून. तुम्ही उकाड्याच्या रात्रीत त्यांच्या मुळाशी बर्फ वितळवलात."

"म्हणजे आपल्याकडे हे शक्यच नाही?"

"हिमालयातली झाडे कशाला हवीत? तुमचे आल्प्स मुरबाडात आहेत. सिद्धगडला जा."

मी म्हटले, "सिद्धगड मी पाहिला आहे. तिथे काही नाही."

ते खरेच होते. राष्ट्रीय सेवा योजनेची मुले घेऊन मी एकदा तिथे गेलो होतो. बेचाळीसच्या लढ्यात माथेरानच्या भाई कोतवालांनी आझाद दस्ता उभा करून विजेचे मनोरे पाडण्याचा सपाटा लावला होता. व्यवसायाने वकील असलेला हा तिशीतला माणूस आपल्या साथीदारांसह सिद्धगडच्या जंगलात आसऱ्याला होता. 2 जानेवारी 1943 रोजी पहाटे पोलिसांनी वेढा घातला आणि त्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. दरवर्षी 2 जानेवारीला पहाटे तिथल्या स्मारकापाशी लोक जमतात. आम्हीही काकडत जमलो होतो. मला आठवत होते ते धुके, मशाली आणि उजाडल्यावर वर दिसलेला काळाकभिन्न कडा. त्या कड्यावर गवताची एक पिवळी काडी सोडली, तर जिवंत असे काही मला दिसले नव्हते.

"जानेवारीत गेला असाल," सहकारी म्हणाले. "तेव्हा ते झोपलेले असतात. श्रावणात जा."

श्रावणात गेलो. कल्याणहून एस.टी.ने मुरबाड, तिथून जीपने नारिवली आणि पुढे बोरवाडीवरून पायी. सिद्धगड हा तीन हजार फुटांहून उंच. निम्म्यावर माची, माचीवर वाडी, आणि तिच्या डोक्यावर सरळ उठलेला बालेकिल्ला. शेजारी दमदम्या, पलीकडे गोरखगड-मच्छिंद्रगडाचे सुळके, आणि मागे भीमाशंकरची भिंत. अर्थात यातले मला काहीच दिसले नाही, कारण ढग गुडघ्यापर्यंत उतरले होते. माझ्याबरोबर आलेले विद्यार्थी बालेकिल्ल्याकडे निघून गेले. माझ्या गुडघ्यांनी माचीवरच निकाल दिला. आणि त्या गुडघ्यांचे मी आजन्म उपकार मानीन, कारण दुसरे काही करण्यासारखे नसल्यामुळे मी खाली पाहू लागलो.

ज्याला मी जानेवारीत मेलेला दगड म्हटले होते, त्याच्यावर बोट टेकवायला जागा नव्हती. ओघळाच्या कडेला तेरडा, त्याच्या वर रानहळदीचे गुलाबी तुरे. कातळाच्या सपाट अंगावर जिथे पाण्याचा जेमतेम पापुद्रा वाहत होता, तिथे सीतेची आसवे नावाची इवलीशी जांभळी फुले. ती नीट दिसावीत म्हणून मी पोटावर आडवा झालो. मला इतक्या पावसात पालथे पडलेले पाहून वाटेने जाणारा एक गुराखी मुलगा घाबरून जवळ आला, ते राहू द्या. नाव मोठे करुण, पण ही बया मांसाहारी आहे! कातळावरच्या चिमूटभर मातीत नायट्रोजन असतो कुठला? म्हणून हिने जमिनीखाली मोहरीहून लहान पिशव्या बाळगलेल्या असतात. पाण्यातला सूक्ष्म जीव तोंडाशी आला, की पिशवी डोळ्याचे पाते लवायच्या आत त्याला पाण्यासकट ओढून घेते. सीतामाईच्या नावावर हे असले उद्योग चालतात हे मी तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला आता आवर्जून सांगतो.

सह्याद्रीत हिमरेषा नाही, पण कातळ आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला हा लाव्हा. त्यावर माती बोटभर, कुठे तेवढीही नाही. चार महिने धो धो पाणी आणि आठ महिने तवा. आल्प्समधली झाडे बर्फाखाली झोपतात, ही उन्हाखाली झोपतात, एवढाच फरक. कुणी कंद होऊन राहते, कुणी नुसते बी होऊन. खरतुडीची जात घ्या. तिचे फूल कंदिलासारखे. आतले केस खाली झुकलेले असल्यामुळे आत शिरलेल्या चिलटाला बाहेर पडता येत नाही. एका-दोन दिवसांनी केस सुकले, की पराग अंगावर घेऊन ते सुटते आणि दुसऱ्या कंदिलात जाऊन अडकते. नाहीतर शिवनेरीच्या आणि सज्जनगडच्या कड्यांवरची शिंदळ माकुडी घ्या. माकडशिंगीची ही मांसल बहीण पावसात पाने धरते आणि उन्हाळ्यात ती टाकून नुसत्या कांडीवर राहते. डॅल्झेल नावाच्या साहेबाने 1865 मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले आणि मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्यावरून तिला 'फ्रेरिया' म्हटले. साऱ्या जगातील बारा अतिसंकटग्रस्त जातींच्या एका यादीत तिचे नाव पुढे गाजले. गावकऱ्यांनी दिलेल्या नावात 'शिंदळ' आणि साहेबाने दिलेल्या नावात गव्हर्नर! आमच्या भाषाशास्त्राच्या पेपरात यावर एक प्रश्न घालावा असे माझ्या मनात फार दिवस आहे.

पण माझा जीव जडला तो एका साध्याच रोपावर. वाडीकडे जाणाऱ्या वाटेला एक ओला कडा आहे. त्याच्या शेवाळलेल्या अंगावर रानटी बेगोनिया ओळीने फुलला होता. बागेतला बेगोनिया आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. हा त्याचा गरीब चुलतभाऊ. पान एका बाजूला मोठे, दुसऱ्या बाजूला लहान, जणू मान वाकडी करून ऐकत असल्यासारखे. फुले पांढरट गुलाबी. रोप करंगळीच्या आधाराने उभे राहील एवढे नाजूक, आणि ते या कड्याला चिकटून डोक्यावरून कोसळणारा पाऊस घेत होते. माझ्या डब्यात एक स्टीलचा चमचा होता. इकडेतिकडे पाहिले. वाटेवर कुणी नव्हते. मी चमच्याच्या देठाने शेवाळाची एक खपली उचलली आणि तिच्यासकट सहा रोपे डब्यात ठेवली.

चोराला आपल्याला कुणी पाहिले नाही असे नेहमीच वाटते. वाडीत ज्या घरी आम्ही तांदळाच्या भाकरी आणि पिठले सांगितले होते, तिथल्या म्हातारीने माझा डबा पाहिला.

"हे काय?"

"फूल आहे, आजी. याचे नाव काय?"

"नाव कशाला? आंबट लागतो तो पाला. आम्ही पोरपणी खायचो." मग थोड्या वेळाने भाकरी थापता थापता, माझ्याकडे न पाहता, "घरी काय करशील त्याचं? तुझ्याकडं कडा हाय का?"

मी म्हटले, "आहे." म्हणजे गॅलरीतले दगड. ती हसली नाही, आणि रागावलीही नाही. तिने दुसरी भाकरी तव्यावर टाकली.

घरी आल्यावर मी कडा केला. बारीक खडी, विटेचा चुरा, मूठभर पानांचे खत. दगड तिरपे रचून पाणी आत झिरपेल अशा फटी. फॅररने पाहिले असते तर त्याने मान डोलवली असती अशी माझी खात्री आहे. श्रावण संपला, भाद्रपद गेला, रोपे उभी होती. पाहुण्यांना मी चहाआधी गॅलरीत नेऊ लागलो. आश्विनात पानांच्या कडा पिवळ्या पडल्या. मी पाणी वाढवले. पाने गळली. मी खत घातले. दसऱ्यापर्यंत नुसत्या काड्या राहिल्या, आणि मी सकाळी कॉलेजला जाताना एक तांब्या आणि रात्री आल्यावर एक तांब्या पाणी घालीत राहिलो. काड्याही गळून पडल्या. सौ. एक दिवस म्हणाली, "अहो, आता कुणाला पाणी घालता आहात?" याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. पण दुसऱ्या दिवशीही तांब्या घेऊन मी गॅलरीत उभा होतोच.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी इमारतीतली चार-पाच मुले दारात आली. "काका, तुमचे दगड देता का? किल्ल्याला." मी म्हटले, "न्या. मातीपण न्या." त्यांनी पाटीभर दगड आणि पाटीभर चिखल खाली नेला. अर्ध्या तासाने त्यांतला सगळ्यांत लहान मुलगा परत वर आला. त्याने मूठ उघडली.

"काका, हे बटाटे तुमचे का?"

वाटाण्याहून थोडे मोठे दोन कंद. तपकिरी, टणक. मी धावत खाली गेलो. सबंध किल्ला उकलून पाहिला. बालेकिल्ला पाडल्याबद्दल मुले अजून माझ्यावर डूख धरून आहेत. आणखी चार सापडले, पण ते बोटाने दाबताच पिठासारखे फुटले आणि त्यांना कुबट वास येत होता. रोपे मेलेली नव्हतीच. ती आपली वेळ झाली म्हणून खाली उतरून दार लावून झोपली होती, आणि मी रोज दोन तांबे पाणी ओतून त्यांना कुजवले होते. प्रिम्युलाच्या वेळी हेच मला स्वच्छ शब्दांत सांगितलेले होते. मी ते मानही डोलवून ऐकले होते.

सहकाऱ्यांना ते दोन कंद दाखवले. त्यांनी भिंग लावून पाहिले आणि 'बेगोनिया क्रेनाटा' असे नाव सांगितले. मग थोडे थांबून, "कुठून आणलेत?" मी सांगितले. ते म्हणाले, "भीमाशंकर अभयारण्य 1985 साली जाहीर झाले. सिद्धगड त्यातच येतो. तिथले पानसुद्धा आणता येत नाही, सर." एवढेच म्हणाले. वर्गात नक्कल करणाऱ्या मुलाला पकडल्यावर मी जेवढे बोलतो त्यापेक्षा हे पुष्कळच कमी होते, आणि त्यामुळे जास्त लागले. तुम्ही म्हणाल, दोन वाटाणे, त्यांत एवढे काय! पण त्या कड्यावर माझ्याआधी किती चमचे येऊन गेले असतील आणि माझ्यामागून किती येतील, हा हिशेब मला त्या दिवसापासून सोडवत नाही.

कंद मी कोरड्या वाळूत, सौ.च्या हिंगाच्या रिकाम्या डबीत ठेवले. पाणी नाही, खत नाही. डबी पुस्तकांच्या कपाटात, शब्दकोशामागे. उन्हाळाभर काही न करणे हेच माझे बागकाम होते, आणि ते मला प्रिम्युलाच्या बर्फापेक्षा कठीण गेले. चार-सहा वेळा तरी मी डबी उघडली असेन. जूनच्या पहिल्या आठवड्यात आभाळ भरून आले, पाऊस अजून पडला नव्हता, हवा नुसती चिकट झाली होती. डबी उघडून पाहिली तर दोन्ही कंदांना तांदळाच्या कणीएवढा गुलाबी कोंब! त्यांना पाण्याचा थेंबही दिलेला नव्हता. त्यांना कुणी सांगितले?

पहिला पाऊस पडला त्याच्या तिसऱ्या दिवशी रविवार होता. या वेळी मी एकटाच गेलो. वाडीत आधी त्या घरी गेलो. म्हातारी ओट्यावर बसलेली होती. मी डबी पुढे केली आणि गेल्या श्रावणातला सगळा अपराध सांगून टाकला. रस्ताभर वाक्ये जुळवीत आलो होतो. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "तू कोण रे?"

मला फार हलके वाटले, आणि थोडे वाईटही वाटले. ती काठी घेऊन माझ्याबरोबर कड्यापर्यंत आली. जिथून रोपे काढली होती ती शेवाळाची खरवड अजून ओळखू येत होती. तिथे मी कंद बसवू लागलो. "तिथं नको. तिथलं शेवाळ तू काढलंस, आता पाणी ठरणार नाही." तिने काठीने वरच्या बाजूची एक आडवी फट दाखवली, जिथे दुपारचे ऊन येत नाही. कंद कसा ठेवायचा, त्यावर किती माती, मातीवर ओले शेवाळ कसे दाबायचे, हे तिने बसल्या जागेवरून सांगितले आणि मी केले. विद्यापीठाने मला एम.ए.ची पदवी दिली त्या दिवशीही मी इतका आज्ञाधारक नव्हतो.

श्रावणात जायचे होते, पण परीक्षांच्या कामाने अडकलो. भाद्रपदात गेलो. कड्यावर बेगोनिया फुललेला होता. त्या आडव्या फटीत नऊ रोपे होती. त्यांतली माझी दोन कुठली, की माझी दोन्ही वाहून गेली आणि ही नऊच्या नऊ वरून पडलेल्या बियांची, हे मी पाऊण तास पाहत राहिलो. पान सगळ्यांचेच वाकडे, फूल सगळ्यांचेच गुलाबी. डब्यात चमचा होता, पण तो मी पिठले खाण्यापुरताच बाहेर काढला.

गॅलरीतले दगड आता मोकळेच आहेत. त्यांच्या फटींत सौ.ने पुदिना लावला आहे आणि तो भलताच माजला आहे. परवा इमारतीतली मुले पुन्हा आली. मागच्या वर्षीचा अनुभव लक्षात घेऊन त्यांनी आधी अट घातली, की दगड एकदा दिले म्हणजे दिले, किल्ला उकलायचा नाही. मी कबूल केले. "कुठला किल्ला करणार?" विचारले तर म्हणे राजगड. मी म्हटले, सिद्धगड करा. "तो कुठे आहे?" सगळ्यांनी एकदम विचारले. मी चप्पल घातली आणि त्यांच्याबरोबर खाली गेलो. कड्याची बाजू उत्तरेला यायला हवी होती, तिथे नेमकी कुणाची तरी स्कूटर उभी होती. ती हलवण्यापासून सुरुवात केली.